वटिकामातेचा वसा

महानगर, लखनऊ
६ नोव्हेंबर २०१७

ती. ताईस,
शेखरचा शि. सा. नमस्कार.

दिवाळीत फोन केला तेव्हा मी इथून ओरडत होतो आणि तू तिथून "मोठ्याने बोल" म्हणत होतीस. शेवटी तुला एवढंच कळलं की माझा पाय दुखतोय, आणि समोरच्या रिझवी साहेबांना सगळंच कळलं. ते तासाभरात शाही टुकड्यांचा डबा घेऊन हजर झाले. तुझ्या कानांपुढे आता फोनचं काही चालत नाही, म्हणून पत्र.

माझ्या उजव्या तळपायावरचा तीळ तुला आठवत असेल. आई म्हणायची, तळपायाला तीळ म्हणजे पायाला भिंगरी. ती भिंगरी लागून मी मिरजेहून इथं येऊन पडलो आणि चौतीस वर्षं वनस्पती संशोधनाच्या संस्थेत शेवाळं बघत बसलो. आता तो तीळच फिरतीवर निघालाय. गेल्या वर्षी तो काढला तेव्हा तुला 'साधा तीळ' असं कळवलं होतं. साधा नव्हता. त्वचेचा कॅन्सर होता, आणि आता तो जांघेतल्या गाठींत आणि फुप्फुसात पोचलाय. घे, लिहून टाकलं. पुढचं वाचण्याआधी पाणी पी.

प्यालीस? आता बरी बातमी. गाठीतली जनुकं तपासली. त्यांच्यात एका ठरावीक जागी बदल झालेला असेल, तर नेमका त्यावरच नेम धरणारं औषध असतं. नसेल तर ते औषध काही कामाचं नाही. माझ्यात तो बदल सापडला. डॉक्टर नीलम म्हणाल्या, "सर, आप लकी हैं।" कॅन्सरच्या वॉर्डात लकी ठरलेला मी आपल्या घराण्यातला पहिलाच.

सुई नाही, सलाईन नाही. सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने कॅप्सूल, आणि सकाळी तिच्या जोडीला एक गोळी, ती फ्रिजमध्ये राहणारी. अट एकच, पण कडक. पोट रिकामं पाहिजे. घेण्याआधी दोन तास काही खायचं नाही, घेतल्यावर तासभर काही खायचं नाही. पाणी चालेल.

डॉक्टर हे सांगत होत्या तेव्हा शुभदा माझ्या शेजारी उभी होती. घरी येईपर्यंत रिक्षात तिने सगळं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी उठलो तर समोर साबुदाण्याची खिचडी.

"अगं, रिकाम्या पोटी सांगितलंय."

"मग? उपासाचंच केलंय."

ताई, इतकी वर्षं शास्त्रज्ञ म्हणून पगार घेतला, आणि या वाक्यावर मी चमचा उचलला. पंधरा दिवस झाले, हेच चाललंय. खिचडी मात्र फार छान होते.

तुझा
शेखर

*

मिरज
१५ नोव्हेंबर २०१७

चि. शेखर यास अनेक आशीर्वाद.

पाणी प्यायले. मग रडले. मग तू वर्षभर खोटं बोललास याचा राग आला, तो अजून आहे. भेटशील तेव्हा काढीन.

रडून झाल्यावर पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा माझं लक्ष खिचडीवर गेलं. अरे, तुला अक्कल आहे की ती पण शेवाळासारखी पाण्यात सोडून आलास? बत्तीस वर्षं मी मुलींना मराठी शिकवलं, त्यात 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण दरवर्षी शिकवली. ती तुझ्या घरी कोणी शिकवली नाही का? दाण्याचं कूट, तूप, बटाटा, वर दह्याची वाटी. साबुदाणा उपासाला चालतो हे पंचांगाला ठाऊक आहे, पोटाला नाही. पोटाच्या लेखी ते जेवणच.

पुढच्या वेळी त्या डॉक्टरीणबाईंना खिचडीचं सांग. खरं सांग. आणि पत्रात 'चाललंय' असं लिहीत जाऊ नकोस, मला भीती वाटते.

शुभदेला म्हणावं, उपास म्हणजे उपाशी राहणं, फराळाची पंगत नव्हे. हे हळू सांग.

तुझी
ताई

*

महानगर, लखनऊ
२७ नोव्हेंबर २०१७

ती. वन्संना शुभदाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं, दोन ओळी गाळून. गाळलेल्या मी नंतर वाचल्या.

उपास म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. लग्न होऊन आले तेव्हापासून एक संकष्टी चुकवलेली नाही, आणि तीही या गावात, जिथं वरईचे तांदूळ मागितले तर दुकानदार भैया माझ्याकडे टकामका बघत राहतो. फराळ केला म्हणून माझी एकही संकष्टी देवाने परत पाठवलेली नाही. मग औषधालाच एवढा काय तोरा?

मी काही हयगय करत नाही, वन्सं. फ्रिजमधली गोळी रात्रीच डबीतून काढते आणि देवापुढे चांदीच्या वाटीत ठेवते, वर तुळशीचं पान. सकाळी नमस्कार करून यांना देते. घरात एवढं पावित्र्य कधी पाळलं नव्हतं.

तुम्ही तिकडून लिहिता, उपाशी ठेव. इथं यांच्या पट्ट्याला मी महिन्याभरात दोन नवी भोकं पाडली. सकाळी उठल्यावर माणूस भिंतीला हात लावून न्हाणीघरात जातो. त्या माणसासमोर रिकामी ताटली घेऊन बसायचं? माझ्याकडून होत नाही हो. मला दुसरं काही येत नाही. कॅन्सरमधलं मला काही कळत नाही, खिचडीतलं कळतं. म्हणून करते.

तुमची
शुभदा

*

महानगर, लखनऊ
१२ डिसेंबर २०१७

ती. ताईस सा. न.

तू सांगितलंस तसं खरं बोललो. म्हणजे मी बोलणार होतो, त्याआधी शुभदाच बोलली.

डॉक्टर नीलम यांनी विचारलं, "दवा ख़ाली पेट ले रहे हैं न?"

"जी, बिल्कुल," शुभदा म्हणाली. "रोज़ उपवास रखवाती हूँ।"

डॉक्टर लखनऊच्या आहेत, त्यांनाही घरी सासू आहे. त्यांचे डोळे बारीक झाले. "उपवास में क्या लेते हैं, आंटी जी?"

शुभदाने मोठ्या अभिमानाने यादी दिली. खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, केळं, वर पेलाभर दूध. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आंटी जी, इतना तो मैं पूरे दिन में नहीं खाती।"

"लेकिन ये खाना नहीं है, फराळ है।"

मग डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं. पोटात खाणं काढलं, विशेषतः तूप. अन्न आत असलं की कॅप्सूल रक्तात पुरती उतरत नाही, बरंचसं औषध वाया जातं, असं समजावलं. गाठींत तसूभर फरक पडलेला नाही, ताई. त्या म्हणाल्या, आतापर्यंतचं औषध पुरतं लागू झालं असं मी धरतच नाही. आता नीट घ्या, मार्चअखेर पुन्हा स्कॅन करू. तेव्हाही फरक नसेल तर ही वाट बंद झाली असं समजायचं. दुसरी वाट आहे, पण अरुंद आहे. हे त्या इंग्रजीत आणि हळू बोलल्या, म्हणजे काय ते मला कळलं.

चांदीच्या वाटीचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. गोळीला दमट हवा सोसत नाही, ती तिच्याच डबीत आणि फ्रिजमध्ये राहिली पाहिजे.

रिक्षात बसल्यावर शुभदा म्हणाली, "ती पोर काल जन्मली. तिला उपासातलं काय कळतंय?" दुसऱ्या दिवशी खिचडी बंद झाली आणि शिंगाड्याचा शिरा आला. मी चिडतो, मग ती रडते. ती रडली की मी खातो. याच्यावर औषध कुठलं ते तूच सांग.

तुझा
शेखर

*

मिरज
२० डिसेंबर २०१७

चि. सौ. शुभदा हीस अनेक आशीर्वाद.

माळा आवरताना आपल्या पणजीची एक जीर्ण पोथी सापडली. त्यात एक फार जुनी, फार दुर्मिळ कहाणी आहे. वाचली आणि अंगावर काटा आला, कारण ती थेट तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते. नक्कल करून पाठवत आहे. आपल्या कुळात हे व्रत होतं, मधल्या पिढ्यांनी टाकलं, त्याचेच हे भोग असावेत. रोज सकाळी वाच आणि त्याप्रमाणे वाग.

*ऐका वटिकामाते, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, गोमतीच्या काठी होतं. तिथं एक विद्वान राहत होता. त्याच्या तळपायाला तीळ होता. तिळाचा राक्षस झाला, अंगात हिंडू लागला. विद्वानाच्या बायकोनं देवीचा धावा केला. देवी प्रसन्न झाली, गोळीचं रूप घेतलं, विद्वानाच्या पोटाशी आली. आत पाहते तर साबुदाणा पाट मांडून बसलेला. शेजारी लाडू, पलीकडे केळं. देवीला बसायला जागा नाही. देवी म्हणाली, "ज्या घरी मला पाट नाही, त्या घरी मी राहत नाही." आल्या पावली परत गेली.*

*बायकोनं पाय धरले. "माते, चुकले माकले, पोटात घाल. वसा सांग, आम्ही पाळू." देवीनं वसा सांगितला. माझ्या येण्याआधी दोन तास मुखात काही घालू नये. मी आल्यावर तासभर घालू नये. फराळ घालू नये, फळ घालू नये, दूध घालू नये, तीर्थाचा पंचामृताचा थेंब घालू नये. साधं पाणी चालेल. मी हिमकपाटात राहते, मला माझ्या डबीतून आधी बाहेर काढू नये, वाटीत मांडू नये. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी माझी दुप्पट करू नये. वैद्याला विचारल्यावाचून काढा, चूर्ण माझ्यासोबत देऊ नये. ज्याच्या कुडीत माझी खूण सापडली त्याच्यासाठीच मी आहे, प्रसाद म्हणून मला वाटू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. मग देवी जागा करून बसली, राक्षस वितळू लागला.*

यात माझा एक शब्द नाही. मी फक्त नक्कल केली.

तुझी
वन्सं

*

महानगर, लखनऊ
२५ जानेवारी २०१८

ती. वन्संना शि. सा. नमस्कार.

पोथी मिळाली. त्याच दिवशी वसा घेतला. आधी कळवलं असतं तर पहिल्या दिवसापासून पाळलं असतं.

आता सकाळ-संध्याकाळ औषधाच्या वेळी घरात माशीलाही खाऊ देत नाही. हे स्वयंपाकघराशी घुटमळले तर मी पळी घेऊन उभी राहते. एकदा शेंगदाणा सापडला यांच्या खिशात. मी तिथंच कहाणी मोठ्याने वाचली.

खरी पंचाईत शेजाऱ्यांची होती. या गावात माणसाला तीन तास कोणी काही खायला न घालणं म्हणजे वैर. रिझवी साहेब थंडीत चौकातून दुधाच्या फेसाची मक्खन मलाई आणतात, तीही सकाळी, कारण ऊन चढलं की ती बसते. मी दारातच सांगितलं, व्रत आहे. ते म्हणाले, "भाभी, आप व्रत निभाइए, हम इंतज़ार कर लेंगे।" तेव्हापासून ते रोज आमच्या व्हरांड्यात मफलर गुंडाळून, मांडीवर डबा आणि हातात घड्याळ घेऊन बसतात. वेळ झाली की आत हाक मारतात, "प्रोफ़ेसर साहब, वक़्त हुआ!" तोवर मलाईचं पाणी झालेलं असतं. हे तेच पितात.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात मी कहाणी वाचली. बायका इतक्या रमल्या की चौघींनी वसा मागितला. त्यांना गोळ्या नाहीत, नुसतेच ते तीन तास पाण्यावर काढतात. कल्पनाताई म्हणतात त्यांची ॲसिडिटी गेली. सरोजिनी नगरहून नंदा आली होती, तिचा नवरा हवाई दलात आहे. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, सासूबाईंच्या मानेवर मस आहे, एकच कॅप्सूल प्रसाद म्हणून दे. मी म्हटलं, कुडीत खूण सापडली का? कागद दाखव. ती फुगून बसली. तिळगूळ न घेताच गेली, पण मी बधले नाही.

काल यांच्या जांघेला हात लावून पाहिला. मला गाठ लहान लागली. मी कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाच लिहिते.

तुमची
शुभदा

*

महानगर, लखनऊ
८ फेब्रुवारी २०१८

ती. ताईस,

अक्षर वाकडं आहे, माफ कर. दोन दिवस ताप आहे. येतो, थंडी भरते, गोधड्या घालते शुभदा, घाम येतो, उतरतो, पुन्हा येतो. काल एकशे दोन होता. बाहेरही फार थंडी पडली आहे, धुकं आहे, तसाच असेल.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की या औषधांनी ताप येऊ शकतो. आला तर दोन्ही थांबवा आणि लगेच फोन करा. तो कागद फ्रिजवर लावलेला आहे. मी शुभदाला तो दाखवला. तिने मला पोथी दाखवली. "घेतला वसा टाकू नये," असं स्पष्ट लिहिलंय म्हणते. पोथीचा मान कागदाहून मोठा. शिवाय ती म्हणते, आता कुठे गाठ कमी व्हायला लागली, मध्येच सोडलं तर देवी रुसेल.

हसू नकोस. शास्त्रज्ञ माणूस, मला माहीत आहे ती पोथी कोणाच्या माळ्यावरची आहे. तरीही मी गोळी घेतोच आहे. खरं सांगू? मलाही थांबवायची भीती वाटते. दोन महिने काही हललं नव्हतं, आता हललंय. थांबलो आणि तो राक्षस परत हिंडायला लागला तर? म्हणून मी शुभदेच्या आड लपलोय. डॉक्टरांना फोन केला तर त्या थांबवायला सांगतील, म्हणून फोन केलेला नाही.

रिझवी साहेब व्हरांड्यात येऊन बसतात. तोंडाला चव नाही.

शेखर

*

मिरज
१३ फेब्रुवारी २०१८

शेखर, शुभदा,

हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत माझा फोन येऊन गेलेला असेल. तरी लिहिते, कारण फोनवर पलीकडे कोण होतं ते मला ठाऊक नाही.

तुझं पत्र आज दुपारी आलं. ती ओळ मी सवयीने लिहिली रे. प्रत्येक कहाणीत असते, म्हणून लिहिली. लिहिताना विचारसुद्धा केला नाही. मुलींच्या वहीत अशी ओळ सापडली असती तर मी समासात लाल शाईने 'कशासाठी?' लिहिलं असतं.

तार बंद होऊन वर्षं झाली, नाहीतर तार केली असती. शेजारी कोणी नव्हतं. मग म्हटलं, मला ऐकू येत नाही, बोलता तर येतं! नंबर फिरवला, मनात वीस आकडे मोजले आणि बोलायला सुरुवात केली. कोणी उचलला की नाही, देव जाणे. बोलून झाल्यावर ठेवला, पुन्हा फिरवला आणि पुन्हा तेच बोलले. मग हे पत्र लिहायला बसले.

काय बोलले ते इथं लिहिते. डॉक्टर नीलमना आत्ता फोन करा, हे आधी; मग हे. पोथीचं शेवटचं पान सुटं होतं ते आता सापडलं: *अंगात ताप भरला तर देवी माहेरी जाते. तेव्हा तिला हाक मारू नये. दोन्ही डब्या बंद ठेवाव्या, त्याच घटकेला वैद्याला कळवावं. नजर धूसर झाली, छाती धडधडली, अंगावर नवा फोड नवा डाग उठला, तरी कळवावं. वैद्य आणायला जाईल तेव्हाच देवी परत येते. माहेरी गेलेली देवी रुसलेली नसते.*

जुनी ओळ खोडून टाका. आत्ता, हे वाचता वाचता.

ताई

*

महानगर, लखनऊ
२२ फेब्रुवारी २०१८

ती. वन्संना शि. सा. नमस्कार.

हे काल घरी आले. ताप नाही. आधी हे वाचून घ्या, मग पुढचं.

तुमचा फोन आला तेव्हा मी मागे गोधड्या वाळत घालत होते आणि हे ग्लानीत होते. फोन रिझवी साहेबांनी उचलला. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. पण एक बुजुर्ग ख़ातून, म्हणजे वयस्कर बाई, बोलते आहे म्हटल्यावर मध्ये तोंड घालणं त्यांच्या तहजीबमध्ये बसत नाही. ते उभे राहून सगळं ऐकत होते, मध्ये मध्ये "जी, जी" म्हणत. तुम्ही ठेवलात, ते खाली बसले. पुन्हा वाजला, ते पुन्हा उठले, पुन्हा अथपासून इतिपर्यंत ऐकलं. दुसऱ्या खेपेला तुम्ही रडत होता, असं ते म्हणाले. त्यांना एवढंच कळलं: 'डॉक्टर नीलम', 'बंद' आणि रडणं. त्यांनी मला काही विचारलं नाही. फ्रिजवरच्या कागदावरचा नंबर लावला आणि सांगितलं, "डॉक्टर साहिबा, मिरज से हुक्म आया है।"

डॉक्टरांनी ताप किती ते विचारलं. एकशे तीन होता. दोन्ही औषधं तिथल्या तिथं बंद करायला सांगून लगेच घेऊन या म्हणाल्या. यांचं ब्लडप्रेशर खाली गेलं होतं, अंगातलं पाणी आटलं होतं. अजून एक दिवस अंगावर काढला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. चार दिवस सलाईन होतं. ताप जाऊन अंगात बळ आल्यावर परवा औषध पुन्हा सुरू केलं, थोडं कमी करून. आता ताप चढतोय असं वाटलं की आधी थांबवायचं आणि मग फोन करायचा, हे मला तोंडपाठ आहे. डॉक्टरांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आता एक सांगते. ती कहाणी तुम्ही लिहिलीत, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. जुन्या पोथीत गोमती कुठून येणार आणि हिमकपाट कुठून? आणि ती देवी थेट तुमच्यासारखी टाकून बोलते.

मग का पाळलं, म्हणाल. डॉक्टर म्हणाल्या, उपाशी ठेवा. तसं ठेवलं असतं आणि हे डोळ्यांदेखत खंगले असते, तर ते माझ्या एकटीच्या हातून झालं असतं. या गावात माझं माणूस कोण आहे हो? व्रत घेतलं तेव्हा त्यात तुम्ही होतात. रोज सकाळी कहाणी वाचायचे, तेव्हा कोणीतरी घरात येऊन बसल्यासारखं वाटायचं. म्हणून ती ओळही सोडवेना. ती सोडली तर तुम्हीही जाल, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात बसलं होतं.

नवं पान लावलं. जुनी ओळ खोडली नाही, तिच्या पुढे 'ताप नसेल तर' असं लिहिलं. तुमचं अक्षर खोडायला नको वाटलं.

तुमची
शुभदा

*

महानगर, लखनऊ
११ एप्रिल २०१८

ती. ताईस सा. न.

स्कॅन झाला. तू आता पाणी पिऊ नकोस, काहीतरी गोड खा.

जांघेतल्या गाठी निम्म्याहून कमी झाल्या आहेत. फुप्फुसातला एक ठिपका बारीक झालाय. दुसरा डॉक्टरांनी पडद्यावर शोधला, मी शोधला, शुभदाने चष्मा पुसून शोधला. सापडला नाही. डॉक्टर नीलम जपून बोलणाऱ्या आहेत, त्या म्हणाल्या, "रिस्पॉन्स अच्छा है, सर।" शुभदाने त्यांच्यासाठी डबा नेला होता. त्यांनी वास घेऊन विचारलं, "खिचड़ी?" आणि तिथंच उभ्यानं खाल्ली.

आता पंचाईत अशी झाली आहे. ही बातमी मंडळात पोचली आणि कल्पनाताईंनी व्रताच्या उद्यापनाचं ठरवलं. वृंदावन योजना वसाहतीत मंडळातल्या पद्मिनीताईंचं नवं घर मोठं आहे, तिथं पंगत. रिझवी साहेब शाही टुकड्यांचं बघणार आहेत. सगळे मला तारीख विचारतात. मी डॉक्टरांना विचारलं, हे किती दिवस घ्यायचं? त्या म्हणाल्या, जोवर औषध काम करतंय आणि तुम्हाला सोसतंय तोवर. मी विचारलं, आणि किती दिवस काम करतं? त्यांनी फाईल नीट लावली. म्हणाल्या, काहींना महिने, काहींना वर्षं. पुढे औषधाला न जुमानणाऱ्या पेशी वाढू शकतात. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत.

शुभदा बाहेर होती, तिने हे ऐकलेलं नाही. किंवा ऐकलं असेल, तिचं काही सांगता येत नाही. ती रोज विचारते, वन्संना विचारा, उद्यापन कधी करायचं? पोथी तुझी आहे, ताई. मी काय सांगू तिला?

तुझा
शेखर

*

मिरज
१९ एप्रिल २०१८

चि. शेखर आणि चि. सौ. शुभदा यांस अनेक आशीर्वाद.

शिरा केला, एकटीनं खाल्ला, पोटभर. मग तुमचं उत्तर लिहायला बसले ते आज तिसऱ्या दिवशी लिहून होतंय.

पंगत खुशाल घाला. पद्मिनीताईंच्या घरी घाला, रिझवी साहेबांना मानाच्या पाटावर बसवा, माझ्या नावाने त्यांना दोन टुकडे जास्त वाढा. शेखरची वेळ सांभाळून बसा म्हणजे झालं. पण ते उद्यापन नव्हे. उद्यापन व्रत संपलं की करतात.

या व्रताला उद्यापन नाही. मी पोथी पुन्हा नीट पाहिली, कुठेही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ आधी दोन तास, नंतर तासभर, पाणी, बस. उद्याचं उद्या. परवाचं देवीलाही माहीत नाही, त्या डॉक्टरीणबाईंनाही नाही, आणि मी तर काय, साधी मराठीची बाई. शुभदा, तू दाराबाहेर उभी राहून ऐकलंस हे मला इथं बसून कळतंय. भिऊ नकोस असं लिहिणार नाही, मलाही भीती वाटते. आता तिघं मिळून भिऊ, म्हणजे एकट्या कोणावर भार नको.

नंदाच्या सासूबाईंना मस डॉक्टरांना दाखवायला सांग. आणि शेखर, मे महिन्यात मी येतेय. तिकीट काढलंय. स्टेशनावर पाटी घेऊन उभा राहा, हाका मारू नकोस, ऐकू येणार नाहीत. वर्षभर खोटं बोललास त्याचा राग सोबत आणतेय.

शुभदा, कहाणीच्या शेवटी 'सुफळ संपूर्ण' म्हणायचं असतं, ते पाठवायचं राहिलं होतं. सोबतच्या कागदावर लिहिलंय, आहे तसं पोथीला चिकटव. 'सुफळ' लिहिलंय, ठळक. पुढचा शब्द मी लिहिलेला नाही, आणि तूही लिहू नकोस.

तुमची
ताई